विटाळाची विश्रांती नको, हक्काची हवी

(कुडाळ तालुक्यातील वालावल येथे कार्यकर्त्या भगिनींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातील काही पुनरुक्ती वगळली आहे.)



लक्ष्मीनारायणाचे देऊळ, त्याला लागून असलेले तळे, माडापोफळींच्या बागा आणि पलीकडे वाहणारी कर्ली नदी पाहून वालावलला येणारा पाहुणा म्हणतो की, इथे सारे कसे स्वस्थ आहे! 'स्वस्थ' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक निरोगी आणि दुसरा निवांत. या दोन अर्थांची बाईच्या बाबतीत फारकत कशी झाली, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे. गरोदर आणि बाळंत स्त्रीला निरोगी ठेवण्याची जबाबदारी शासनाने, निदान कागदावर तरी, पत्करली आहे. तिला निवांत ठेवण्याची जबाबदारी मात्र कोणीच पत्करलेली नाही.

या भागातील घरांतून हिंडताना मी बाळंतिणींना नेहमी एक साधा प्रश्न विचारीत आले आहे: 'कशी आसंस गो?' उत्तर ठरलेले असते: 'बरी आसंय.' पण ओसरीवर थोडा वेळ बसले, चहा झाला, घरातले पुरुष माणूस उठून बाहेर गेले, की हळूहळू एकेक गोष्ट निघू लागते. कंबर धरलेली आहे. अंगावरून पांढरे जाते. जड उचलले की 'अंग' खाली आल्यासारखे वाटते. रात्री मूल झोपले तरी हिला झोप नाही. 'जीव खंयच लागणा नाय.' मग मी विचारते, 'अगो, मघाशी बरी आहे म्हणालीस ना?' त्यावर एकीने मला जे उत्तर दिले ते मी विसरू शकलेले नाही. ती म्हणाली, 'आजारी म्हणजे पडान रवता ती. मी उठतंय, बसतंय, सगळां करतंय.'

जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ साली अमलात आलेल्या आपल्या घटनेत आरोग्याची व्याख्या केली. केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशी संपूर्ण सुस्थिती म्हणजे आरोग्य, असे ती व्याख्या सांगते. आमच्या या भगिनीची व्याख्या तिच्या अगदी उलट टोकाची आहे. जोवर काम थांबत नाही तोवर आपण निरोगी! पुष्कळ शिकलेली माणसे याला अज्ञान म्हणतात. मला ते मान्य नाही. ज्या घरात तिच्यावाचून चूल पेटत नाही, त्या घरात राहून तिने काढलेला तो व्यवहारी निष्कर्ष आहे. आजारी पडणे परवडत नाही, तेव्हा आजाराची व्याख्याच माणूस इतकी अरुंद करतो की आपण तिच्यात बसू नये.

हे घर असे का झाले, याचा विचार आपण समाजवाद्यांनी करावयाचा नाही तर कोणी? कोकणचा कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेला. गिरणगाव त्याने उभे केले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा आधार सुटला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण चाकरमानी चाकरमानीच राहिला. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. इतरत्र असा आकडा दिसला तर आपण आनंद मानू. इथे तो प्रामुख्याने पुरुषांच्या स्थलांतराचा आकडा आहे. मागे राहिलेली बाई मनिऑर्डरीची वाट पाहत स्वस्थ बसून राहिली, असे चित्र कोणी रंगवू नये. शेती तिने केली, गुरे तिने सांभाळली, विहिरीचे पाणी तिने चढणीवरून वर आणले, सासूसासऱ्यांचे केले.

यात एक गणित आहे, ते आपण बोटांवर मांडून पाहावे. चाकरमानी गणपतीला घरी येतो. भाद्रपदापासून नऊ महिने मोजले की ज्येष्ठ येतो. म्हणजे मृगाचा पाऊस सुरू होतो, तरवा वाढू लागतो, आणि त्याच सुमारास घरची सून एकतर अवघडलेली असते किंवा नुकती बाळंत झालेली असते. भाताची लावणी कोणासाठी थांबत नाही. डोक्यावर इरले घेऊन, गुडघाभर चिखलात, कंबरेत वाकून दिवसभर रोप लावायचे हे काम आपल्याकडे बाईचे. पोटाशी मूल असो वा पोटात मूल असो, आवण वाळले तर वर्षाचे धान्य गेले, हे तिला ठाऊक असते. तिच्या गरोदरपणाचा कोणताही विचार या शेतीच्या वेळापत्रकाला सोडून करता येणार नाही.

आता कोणी म्हणेल की आपल्या परंपरेत बाळंतिणीला फार जपत असत. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते पुरोगामी माणसाने नाकारण्याचे कारण नाही. पहिले बाळंतपण माहेरी, दहा दिवसांचे सुवेर, पुढे सव्वा महिना तिने चुलीला हात लावायचा नाही, पाण्याला जायचे नाही. अंगाला तेल, गरम पाण्याचे नाहण, शेक-शेगडी, पोट बांधणे. उकड्या तांदळाची पेज, हळिवाचे आणि डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, नाचणीचे सत्त्व. किनाऱ्याच्या गावांतून अंगावर दूध यावे म्हणून मोरीचे कालवण. यातील पुष्कळ गोष्टी आहारशास्त्राच्या कसोटीवरही टिकतील. हळिवात लोह आहे, नाचणीत चुना आहे, मोरीत प्रथिने आहेत. आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे, गावात सुईण होती. ती येऊन बाईच्या पाठीवरून हात फिरवीत असे आणि तिचे ऐकून घेत असे.

परंतु ही विश्रांती तिला कोणत्या नावाने मिळत होती? विटाळाच्या! ती थकली आहे म्हणून तिला बाजूला बसविले नव्हते. ती अपवित्र आहे म्हणून बसविले होते. त्याच विटाळापायी तिला घरातील अंधारी, खिडकी नसलेली खोली मिळाली, तिथे निखाऱ्यांचा धूर कोंडला, कित्येक घरांतून तिला पाणीसुद्धा मोजून मिळाले. नाळ कापणाऱ्या सुइणीचे हात गरजेपुरते चालले आणि मग तिला अंगणाबाहेर उभे केले गेले. कारण तिचे काम 'मळाचे' आणि बहुधा तिची जातही 'खालची'. शिवाय ही विश्रांतीदेखील सर्वांची नव्हती. ज्या घरात पेज शिजवायला दुसरे हात होते त्या घरातील ती चाल होती. दुसऱ्याच्या खळ्यावर राबणाऱ्या बाईला सव्वा महिना कोणी दिला? तिची सटवीची पूजा झाली आणि ती कामाला लागली. 'तिका काय, ती टणक' असे म्हणून इतरांनी आपल्या मनाची समजूत घातली.

आज परिस्थिती बदलली आहे. बाळंतपणे घरातून दवाखान्यात गेली. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात शंभरातील जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणे दवाखान्यात झाली. त्याचे फळ स्पष्ट दिसते. २००४-०६ या काळात राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या, तो आकडा २०१८-२० मध्ये ३३ वर आला. देशाचा त्या वेळचा आकडा ९७ होता. आशा भगिनींनी पावसापाण्यातून घरोघर जाऊन केलेल्या कामाचा यात मोठा वाटा आहे आणि त्यांच्या मानधनाचा प्रश्न मांडताना आपण हे ठामपणे सांगितले पाहिजे. जुने ते सोने म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे, की त्या सोन्याच्या काळात आपल्या घराघरांत बाळंतपणात गेलेल्या एखाद्या आजीची किंवा आत्याची गोष्ट निघे.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की मृत्यू मोजणारे शासन जिवंत राहिलेल्या बाईपाशी येऊन थांबले. वैद्यकशास्त्राच्या व्याख्येत मातामृत्यूचा हिशेब बाळंतपणानंतर ४२ दिवसांनी संपतो. नवजात बाळाच्या काळजीसाठी आशा भगिनीच्या भेटीही सहा आठवड्यांपर्यंत ठरलेल्या आहेत, आणि त्यांत मुख्य लक्ष बाळाच्या वजनाकडे व तापाकडे असते. तेही आवश्यकच आहे. पण जुन्या चालीचा सव्वा महिना आणि सरकारी ४२ दिवस यांत मला विलक्षण साम्य दिसते. दोघांच्याही मते त्यानंतर बाई 'मोकळी' झाली. पूर्वीच्या चालीत निदान त्या दिवसांत तिला काम नव्हते. आता दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आलेली बाई विटाळ मानीत नाही, ही चांगली गोष्ट; पण विटाळ गेला आणि त्याच्याबरोबर विश्रांतीही गेली. घरातील माणसे म्हणतात, 'आता कसले सुवेर नि काय!' आणि तिच्या हातात कळशी येते. सुधारणेचा हा अर्धाच अर्थ आपण घेतला, त्याची किंमत तिच्या कंबरेने दिली.

कंबरेवरून आठवले. शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या बहुतेक बायका सांगतात की, 'पाठीत सुई दिली तेव्हापासून कंबर गेली.' डॉक्टर सांगतात की त्या सुईमुळे कायमची कंबरदुखी होते असे अभ्यासांतून दिसून आलेले नाही. दोघांचेही ऐकावे. पण बाईने एवढे तरी ओळखले आहे की आपले दुखणे बाळंतपणापासूनचे आहे. त्या सुईनंतर पंधरा दिवसांत तिने किती हंडे पाणी ओढले, हे मात्र तिलाही कोणी विचारीत नाही आणि म्हणून तीही ते कारणांत धरीत नाही. पाणी भरणे हे तिच्या लेखी कारण नाही. ते आयुष्यच आहे. मृणालताई गोरे यांनी पाण्याचा प्रश्न घेऊन बायकांना रस्त्यावर आणले तेव्हा तो नागरी सोयींचा लढा मानला गेला. तो स्त्रीच्या गर्भाशयाचा आणि मणक्याचाही लढा होता, असे मी म्हणेन.

बायका सांगत नाहीत याचा अर्थ दुखणे नाही, असा होत नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगविषयक काही ना काही विकार होता आणि पूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ होत्या. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, एवढेच सरकारी यंत्रणा समजत होती. गडचिरोलीतील त्या स्त्रियांनाही 'कशी आहेस?' विचारले असते, तर बहुतेकींनी 'बरी आहे' असेच म्हटले असते.

शरीराच्या दुखण्याला निदान शब्द तरी आहेत. मनाच्या दुखण्याला तेवढेही नाहीत. बाळंतपणानंतर काही बायकांना कारणावाचून रडू येते, मुलाकडे पाहावेसे वाटत नाही, आपण जगून काय उपयोग असे वाटू लागते. घरात याला बाहेरची बाधा म्हणतात, नाही तर कामचुकारपणा म्हणतात. आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातील २३ मातांना नैराश्याचा विकार असल्याचे आढळले. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही त्यातून बाहेर आल्या नव्हत्या. दारिद्र्य, नवऱ्याशी बिनसलेले संबंध, मारहाण, आणि मुलगी झाली याचा राग यांच्याशी या आजाराचा संबंध दिसला.

पुढच्याच वर्षी याच मंडळींनी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी मातांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत ऐकून घेतले होते. लक्षणे पुस्तकात लिहिलेलीच होती. पण त्या स्त्रिया त्यांना आजार म्हणत नव्हत्या. पैशाची ओढाताण आणि घरातील वागणूक यांचा तो परिणाम आहे असे त्या सांगत होत्या. आता सांगा, अज्ञानी कोण? ज्या बाईने आपल्या दुःखाचे मूळ गरिबीत आणि नवऱ्याच्या हातात दाखविले ती, की तिला नुसती झोपेची गोळी देऊन परत पाठविणारी व्यवस्था? औषधोपचार लागतात तिथे ते मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु तिचे निदान सामाजिक आहे आणि आपल्या चळवळीचे निदानही तेच आहे, याची आपल्याला आठवण हवी.

तिचे प्रत्येक म्हणणे बरोबर असते, असा माझा दावा नाही. राज्यातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि गर्भवतींपैकी शंभरातील सुमारे ४६ जणी रक्तक्षयाने ग्रासलेल्या आहेत, असे त्याच पाहणीत आढळले. अशा बाईला बाळंतपणात थोडा रक्तस्रावही प्राणघातक ठरू शकतो. तरीही लोहाच्या गोळ्या फळीवर पडून राहतात. त्यांनी मळमळते, शौचाला काळे होते, आणि मूल मोठे होऊन अडेल अशी भीती वाटते. ही शेवटची भीती आपण नुसती हसण्यावारी नेऊ नये. मूल अडले तर रात्रीच्या वेळी गाडी कुठून आणायची, आणि ओरोसहून पुढे गोव्याला बांबोळीला पाठविले तर खर्च कोणी करायचा, या प्रश्नांची ती भीती आहे. गोळी जेवणानंतर घ्यावी, तिच्यावर लगेच चहा पिऊ नये, लिंबू किंवा आवळा बरोबर असावा, हे समजावून सांगितले तर बायका ऐकतात. मात्र त्याआधी आपण त्यांचे ऐकलेले असले पाहिजे.

आता हक्काची गोष्ट. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून मुंबई विधिमंडळात विधेयक आले, तेव्हा १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला. मातेला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. देशात तो पहिला. १९६१ मध्ये देशभराचा कायदा आला, २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. मागणीच्या केंद्रस्थानी औषध नव्हते, दया नव्हती आणि विटाळ तर नव्हताच. केंद्रस्थानी विश्रांती होती आणि ती पगारासह होती, हे लक्षात घ्यावे.

पण ही २६ आठवड्यांची रजा वालावलच्या शेतावर लागू नाही. मासे विकणाऱ्या, काजू फोडणाऱ्या, दुसऱ्याच्या घरची भांडी घासणाऱ्या बाईला मालक कोण आणि रजा कोण देणार? तिच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांचा हक्क सांगितला. २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये ठरले; उरलेले जननी सुरक्षा योजनेतून मिळून सरासरीने ६,००० होतात, असा सरकारी हिशेब सांगण्यात आला. पुढे दुसरे अपत्य मुलगी असेल तरच त्या वेळी मदत, अशी भर पडली. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची रोजची मजुरी २९७ रुपये होती. त्या दराने ५,००० रुपये म्हणजे सतरा दिवसांची मजुरी! कचेरीतील भगिनीला २६ आठवडे आणि लावणी करणाऱ्या भगिनीला सतरा दिवस. कचेरीतील भगिनीचे कमी करा असे मी म्हणत नाही. तिला मिळते ते न्याय्यच आहे. पण दोघींचे गर्भाशय सारखेच असताना दहा पट अंतर कशासाठी? तमिळनाडूने डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत ही मदत १८,००० रुपयांपर्यंत नेली. त्या राज्याला जमले ते महाराष्ट्राला न जमण्याचे कारण नाही.

मग आपण काय करायचे? मोठे ठराव जिल्ह्याच्या पातळीवर होतील. मातृत्वलाभ किमान मजुरीशी जोडावा, तो प्रत्येक बाळंतपणाला मिळावा आणि किमान तीन महिन्यांच्या विश्रांतीइतका असावा, ही मागणी आपण लावून धरू. पण गावात करण्यासारखी कामे उद्यापासून करता येतील. प्रत्येक वाडीत या पावसाळ्यात कोण कोण बाळंत होणार आहे याची यादी करा आणि तिच्या आवणाची लावणी वाडीने मिळून उरका. कोकणात शेतीच्या कामात एकमेकांना हात देण्याची रीत आहेच. तिला हा नवा अर्थ द्या. सहा आठवडे तिच्या घरचे पाणी कोण भरणार, हे ओटीभरणाच्या दिवशीच घरातील पुरुषांसमोर ठरवून घ्या. ओटी नारळाने भरता, तशी ती या वचनानेही भरा. जास्त रक्त जाणे, ताप, अंगावर सूज येऊन डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके येणे, यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब न करता दवाखाना, हे सासूला आणि मुंबईच्या नवऱ्यालाही पाठ करायला लावा. आणि ४२ दिवस झाल्यानंतर, सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा तिच्या ओसरीवर जाऊन बसा. कळशी भरून देणारा हात आणि ऐकून घेणारा कान, या दोन गोष्टींना कोणत्याही सरकारच्या मंजुरीची गरज नाही.

शेवटी एवढेच सांगते. 'बरी आसंय' हे उत्तर ऐकून आपण आजवर समाधानाने पुढच्या घराकडे वळत आलो. यापुढे ते उत्तर आपल्याला थांबविणारे ठरावे. विटाळ आपण घालविला, तो पुन्हा येता कामा नये. मात्र त्याच्या पडद्याआड तिला जे थोडे मिळत होते ते उघड्यावर, मानाने आणि हक्काने तिच्या हाती दिल्यावाचून आपले काम पुरे झाले असे आपण म्हणू नये. ज्या दिवशी या गावातील बाळंतीण काम टाकून, कोणाचीही क्षमा न मागता, दुपारी घटकाभर आडवी होईल आणि तिला कोणी आजारीही म्हणणार नाही आणि आळशीही म्हणणार नाही, त्या दिवशी ती खरोखर बरी आहे असे आपण समजू.